न उतरता टपाल

टपालगाडीच्या ड्रायव्हरची सीट डावीकडं न्यायचं कुणाच्या डोक्यातून निघालं? मी तीन-चार जणांना विचारलं, कुणी सांगितलं नाही. दादाच्या दहाव्याला लोक रडायला आले आणि त्या गाडीचेच किस्से सांगून गेले. माणूस गेला की त्याच्या गोष्टी दारातल्या चपलांसारख्या वाढत जातात.

*

कामशेतहून पवनेच्या बाजूला टपाल वाटायची लाइन दादाची, माझ्या थोरल्या भावाची. जुनी गाडी उंच होती. हृदय मोठं झालंय, चढउतार बंद करा, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं आणि त्याच महिन्यात ट्रायलला नवी इलेक्ट्रिक गाडी आली! सीट डावीकडं. बसल्या बसल्या खिडकीतून दारातल्या माणसाच्या हातात टपाल द्यायचं. दादा म्हणाला, "ही देवानं डिझाइन केलीय."

आजाराचं फक्त मला माहीत होतं. कळलं तर लाइन जाईल, म्हणून त्यानं मला शपथ घातली.

*

पहिल्या दिवशी एक आबा सवयीनं उजव्या खिडकीशी गेले. आत हात घालून तंबाखूची डबी पुढं केली, रिकाम्या जागेला घरच्यांची खुशाली विचारली. उत्तर पलीकडून आलं.

आबा दचकले. "आरं, तू तितं, मग गाडी कोन चालवतंय?"

*

गाडीला आवाजच नाही. जुनी चढाला लागली की घराघरांत कळायचं, हिला कुत्रीसुद्धा उठेनात. मी गॅरेजात कामाला. भंगारातल्या ट्रकचा हॉर्न आणून बसवला. दादानं पहिल्याच दारात वाजवला आणि म्हैस दावं तोडून पळाली.

त्या दिवशी टपाल राहिलं. दादा गाडीतून आणि सगळं गाव पायी, म्हैस शोधत फिरले.

*

खरी पंचाईत चहाची. आमच्याकडं टपालवाला उतरून दोन घोट घेतल्याशिवाय जात नाही. दादा उतरेना. भामामावशीनं कप आणून गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"तुला न्हाई ना प्यायचा? मग तुज्या गाडीला पाज."

दादा साहेब झालाय, असं लाइनभर झालं.

*

मग ट्रायल बघायला गाडीच्या कंपनीचे साहेब आले. लोक त्यांना म्हणाले, "गाडी झ्याक हाय, पन आमचा मानूस बिघडवला." साहेब म्हणाले, एवढी तक्रार असेल तर सीट परत उजवीकडं, जुन्यासारखी उंच करू.

दादा घाबरला. साहेबांदेखत दारोदार उतरला, घरोघरी चहा प्याला. तक्रार उरली नाही. गाडी पास!

उतरावं लागू नये म्हणून तो दिवसभर उतरला. हे कोडं मला अजून सुटत नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

*

तेराव्याचं ताट तसंच ठेवून मी बाइक काढली. शपथ गेली खड्ड्यात. तुमच्या चहापायी काय झालं, ते एकेकाला सांगणार होतो.

भामामावशी ओट्यावर बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"शेवटी उतरला रं माजा बाबा. माज्या हातचा चहा पिऊन गेला. न्हाईतर मला जन्मभर लागून ऱ्हायलं असतं."

मी बाइक स्टँडला लावली. म्हटलं, "मावशी, चहा टाक."

तिथला घेतला, मग पुढच्या घरी उतरलो. अशी सगळी लाइन केली.