ताटातला भात

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची गोष्ट. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि मी सोलापूरच्या एका दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून असायचो. शेजारच्या खाटेवर एक कापड दुकानदार होते. बोटांत अंगठ्या, अंगात पांढराशुभ्र सदरा आणि मधुमेहानं चिघळलेला पाय. जखम काही केल्या भरत नव्हती.

"पांढरा भात आणि मैदा बंद," डॉक्टर त्यांना म्हणाले. "पीठ न चाळता कोंड्यासकट ज्वारीची भाकरी खा, पालेभाजी खा. नाहीतर पाय कापावा लागेल."

ते म्हणाले, "भाकर सुटावी म्हणून तर गाव सोडलं की, डाक्टर."

त्यांची बायको रोज डब्यात भाकरी आणि मेथीची भाजी आणायची. ते भिंतीकडे तोंड करून जेवायचे. कुणी भेटायला आलं की भाकरीवर पटकन टॉवेल टाकायचे आणि दुकानाच्या गप्पा काढायचे. आमच्या घरी दोन्ही वेळा भाकरीच असायची, त्यामुळे यात लपवण्यासारखं काय, ते मला कळत नसे. पण पाहुणा गेला की ते टॉवेल काढून उरलेली भाकरी संपवायचे.

हळूहळू साखर उतरली, जखम सुकली. घरी जायच्या दिवशी बायको सामान बांधत असताना त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"घरी मी भाकरच खाईन. पण पाव्हणे जेवाया असले की माझ्या ताटात भात वाढत जा."

"आन् खाल्ला म्हंजे?"

"खात न्हाय. नुसता दिसू दे."

ती हसली नाही. "वाढीन की," म्हणाली.