अण्णांची किल्ली

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते बंगळूरच्या बसवनगुडीतल्या अण्णांचे. मला सगळ्यांत जास्त रडवलं तेही त्यांनीच.

जगभरची माणसं मिळून जे बनवतात आणि फुकट वाटतात, त्या सॉफ्टवेअरची काही पॅकेजं आम्ही सांभाळायचो. प्रत्येक पॅकेजवर आपल्या गुप्त किल्लीने संगणकातूनच सही करायची. किल्लीची मुदत संपली की सही बाद. कुणी आपली मुदत संपल्याचं कळवलं, की अण्णांचं उत्तर ठरलेलं : "मग तू कोण?"

मी घरातला पहिला पदवीधर. माझ्या किल्लीची मुदत संपली तेव्हा घाबरून जुनी किल्लीच पुसली आणि नवी केली. मुदत नुसती वाढवता येते, हे ठाऊक नव्हतं. आता नवी किल्ली माझीच आहे, याची खात्री कुणीतरी समोरासमोर करून द्यायला हवी होती. कोरमंगल्याहून दोन बस बदलून अण्णांकडे गेलो.

"गावात मास्तर होते का गुराखी?" म्हणाले. ओळखपत्र पाहिलं. मग किल्लीचा ठसा, म्हणजे चाळीस आकडे-अक्षरं, मोठ्याने वाचायला लावला. एक अक्षर चुकलं.

"ऊठ. पुढच्या रविवारी."

त्यांच्या पत्नी, अक्का, उपीट घेऊन आल्या होत्या.

"तेही रविवारीच," अण्णा म्हणाले.

त्या रविवारी मात्र त्यांनी खात्री दिली आणि दिवसभर बसवून शिकवलं. त्यावरच माझी नोकरी उभी आहे.

पुढच्या वर्षी अण्णांना अर्धांगवायू झाला. किल्लीचा परवलीचा शब्द आठवेना, त्यामुळे तिची मुदत वाढवता येईना. त्यांची नऊ पॅकेजं अडकली. अक्कांनी त्यांच्या नावाने नवी किल्ली बनवून मला बोलावलं. मी खात्री दिली तरच ते काम अण्णांकडे राहणार होतं, आणि त्यांच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

अण्णा कागदावरचा ठसा वाचू लागले. सातव्या अक्षराला जीभ अडली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सातवं.

"नवा परवलीचा शब्द कुणाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"मला," अक्का म्हणाल्या. "त्यांच्या लक्षात राहत नाही रे."

"स्वल्प... थोडं बघ ना रे," अण्णा म्हणाले. त्यांना विनवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी ठशाचा कागद घडी करून त्यांच्या उशाशी ठेवला. घरी येऊन पत्र लिहिलं :

"तीर्थस्वरूप अण्णांस, शिरसाष्टांग नमस्कार.

नव्या किल्लीची खात्री मी देऊ शकत नाही. ती अक्कांची किल्ली आहे. तुमचं नाव यादीतून काढावं, असं कळवलं आहे. नऊही पॅकेजं यापुढे मी सांभाळीन. तुम्ही नसता तर मी कुणीच झालो नसतो.

पत्र रजिस्टरने पाठवतो आहे. पोचपावतीवर अक्कांनी सही केली तरी चालेल."