कुंकवाचं आमंत्रण आणि रिकामी ताटं

चहा आधी संपवा, मग सांगते. हा किस्सा ऐकताना माझ्या मैत्रिणीच्या, सुनंदाच्या, नाकात चहा गेला होता, आणि ती तर घडला तेव्हा प्रत्यक्ष तिथे हजर होती!

देवपुरात आम्ही पाच मैत्रिणींनी नाट्यमंडळ काढलं, तेव्हा मी नुकती बी.ए. झाले होते आणि भडगावचं एक स्थळ सांगून आलं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच सवलत दिली. "एक प्रयोग कर. मी स्वतः येऊन बघेन. फसला, तर रविवारी पाहुण्यांसमोर पोहे घेऊन यायचं."

त्या दिवसापासून मला रिकाम्या सतरंज्यांची स्वप्नं पडायला लागली.

प्रयोग ठरला शिंदखेड्याजवळच्या एका गावात, शाळेच्या पटांगणात. सुनंदाचे काका, नाना, तिथले. प्रेक्षक जमवायचं काम माझ्याकडे. नाना म्हणाले, "पोरी, नुसता फळा लिहून बाया येत नाहीत. घरोघर जाऊन सांग."

नुसतं सांगून तरी कोण येणार? मी कुंकवाचा करंडा आणि वाटीभर अक्षता घेऊन निघाले. दारोदार बाईला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि म्हणायचं, "आम्ही नानांकडच्या पाहुण्या. सांजेला शाळेत कार्यक्रम आहे. घरी कुणी मागे राहायचं नाही हं." 'नाटक' म्हटलं की सासवा सुनांना सोडणार नाहीत, म्हणून तो शब्द मी तोंडातून काढलाच नाही. केवढी हुशार!

वेशीजवळच्या म्हाताऱ्या अक्कांनी विचारलं, "मंग आज सांजले चूल पेटाडानी नही ना?"

मला वाटलं, स्वयंपाकात उशीर होईल ही काळजी. "अजिबात पेटवू नका, अक्का. फक्त वेळेवर या."

अक्कांचा चेहरा असा उजळला, की मी मनात म्हटलं, कलेची केवढी भूक आहे या गावाला!

सहा वाजताच पटांगण भरलं. मी पडद्याआडून डोकावले. प्रत्येकाच्या हातात ताट आणि तांब्या.

"सुनंदा, ताटं कशाला गं?"

"टाळ्यांऐवजी वाजवत असतील."

मग लोक बसले. समोरासमोर, लांबच लांब दोन रांगांत, ताटं पुढ्यात घेऊन. रंगमंचाकडे तोंड केलेला माणूस औषधाला नाही. मध्ये आप्पा, आणि त्यांच्याही पुढ्यात कुणीतरी ताट मांडलेलं.

नाना धावत आत आले. "तू कुंकू लावलंस? अक्षताबी दिल्या?"

"हो. सगळ्यांना."

"अगं, आमच्याकडे ते जेवायचं आमंत्रण असतं. गावात आज एक चूल पेटलेली नाही."

"आता काय करायचं, नाना?"

"तू पडदा उघड. मी मागून निसटतो."

पडदा उघडला. नाटक दुष्काळातल्या घराचं आणि पहिलं वाक्य माझं. "सासूबाई, घरात दाणा नाही. आज चूल पेटणार नाही."

मग पंगतीतून अक्कांचा आवाज आला, "मंग आमले कसाले बलायं व माय?"

पुढचे संवाद मी विसरलेच. मी खरीखुरी रडायला लागले. "चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं हो." सासू झालेल्या सुनंदाला वाटलं, मी ऐनवेळी भर घालतेय. ती म्हणाली, "सूनबाई, होतं असं."

अक्का ताट काखोटीला मारून उठल्या. "रडू नको. तुना घर दाना नही, ते आमना घर शे. चला व बायास्वन, पीठ लई या."

थोड्याच वेळात पटांगणाच्या कडेला गोवऱ्या पेटल्या. कणकेच्या बट्ट्या भाजायला लागल्या, तुरीच्या डाळीचं पातेलं चढलं आणि आप्पांच्या हातात कुणीतरी पळी दिली. तेवढ्यात आम्ही नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लोक आता छान आमच्याकडे तोंड करून बसले होते. शेवटी मी भुकेनं कोसळून मरते, अगदी त्याच क्षणी "वरण झायं" अशी हाक आली आणि अख्खं गाव माझ्याकडे पाठ करून पंगतीला बसलं. मी मेले ते कुणी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीत आप्पा शेजारी बसले होते. मला रविवारचे पोहे दिसत होते. देवपूर आलं तेव्हा म्हणाले, "भडगावला नकार कळवतो. तू नाटकच कर."

मला भरूनच आलं. "म्हणजे प्रयोग आवडला तुम्हाला?"

"प्रयोग कुठे पाहिला मी? वरण ढवळत होतो." बॅग उचलत ते म्हणाले, "पण अख्ख्या गावाला जेवायला बोलावून स्वयंपाक विसरणारी सून मी कोणत्या तोंडानं कुणाच्या घरी पाठवू?"