माणिकबाईंची पेटी आणि नत्थुजीची म्हैस

माणिकबाई तायडे पेटीजवळ येऊन बसल्या की भल्याभल्या वक्त्यांची नजर घड्याळाकडे जायची. त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

अमरावतीत दर हिवाळ्यात, कापसाची वेचणी आटोपली की, वऱ्हाडातल्या सगळ्या ल्युथरन ख्रिस्ती मंडळ्यांचा मेळावा भरत असे. अकोल्याहून माणसं येत, मूर्तिजापूरहून येत, धारणीकडची तर पहाटेची बस पकडून, थंडीनं काकडत येत. चर्चच्या आवारात मंडप, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि मागे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर रोडगे. बाहेरगावचे पाहुणे वक्ते बोलावले जात. कुणी मद्रासकडचे, कुणी नागपूरचे, एखादा गोरा साहेब. बडनेरा स्टेशनावर त्यांना घ्यायला टांगा जाई. पाहुणे विद्वान असत, प्रेमळ असत. फक्त थांबत नसत.

एका वर्षी एक पाहुणे संयमावर बोलायला उभे राहिले आणि वरणावर साय धरली, भात खाली लागला, लेकरं रडून रडून झोपली, तरी त्यांचा संयम काही संपेना. पाळकसाहेबांना पाहुण्याला खाली बसवायची भीड वाटत होती. माणिकबाईंना भीड नावाची वस्तू ठाऊकच नव्हती. त्यांनी सरळ पेटीचा भाता भरला आणि गीताचा सूर धरला. आता पेटीचा सूर निघाला की मंडळीनं उठून उभं राहायचं, हे ल्युथरन माणसाच्या हाडात मुरलेलं. सगळा मंडप उभा राहिला, गाऊ लागला. पाहुण्यांनी घाईनं आमेन म्हटलं. तेव्हापासून ती रीतच पडली. वक्त्याची वेळ संपली की माणिकबाईंनी एकदा भाता नुसता भरून सोडायचा, तो इशारा. तेवढ्यानं नाही भागलं तर गीत.

बाई तशाच होत्या. मुलींच्या शाळेत गाणं आणि गणित शिकवत. मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडते न उघडते तो उत्तर स्वतःच सांगून मोकळ्या. दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणं त्यांच्या अगदी अंगावर यायचं.

आणि अशा बाईंचा नवरा देवमन. तो मेळघाटात, धारणीच्या पुढल्या गावांमधून प्रचारक म्हणून हिंडे. महिन्याकाठी बसनं अमरावतीला येई, चहा पिई, चपलेचा अंगठा शिवून घेई आणि परत जाई. बोलणं जवळजवळ नाहीच. मंडळीच्या सभेत त्याला उभं करून कामाची हकीकत विचारली तर, "चालू हाये," एवढं म्हणून बसे. अमरावतीची पोरं त्याला मुका प्रचारक म्हणत. मोठी माणसंही म्हणत, फक्त हळू.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माणिकबाई त्याच्याकडे गेल्या होत्या. तिथं नत्थुजी गवळ्याच्या अंगणात, मोहाच्या सावलीत, सगळं गाव बसलं होतं आणि मधोमध देवमन गोष्ट सांगत होता. हात हलत होते, डोळे हसत होते, माणसं पोट धरत होती, मध्येच पदर डोळ्यांना लागत होते. प्रत्येक वाक्यामागं तो जरा थांबे आणि पुढ्यात बसलेला म्हातारा नत्थुजी म्हणे, "हाव," म्हणजे हो, ऐकतोय. मग पुढलं वाक्य. कधी नत्थुजी म्हणे, "मंग?" हा नत्थुजी काही मंडळीतला नव्हे. माणिकबाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी तुमच्यातला नोहो, बाई. पन गोष्ट सांगनाऱ्याले हाव म्हननारा लागतेच. दोराबिगर मोट कशी चालंल?"

माणिकबाई अमरावतीला परतल्या त्या एकच गोष्ट सांगत. आमच्या यांच्यासारखा वक्ता तुमच्या मद्रासला नाही नि विलायतेतही नाही. लोक हसत. "बाई, तुमच्याशी लगीन झाल्यावर तो बोलंल कवा?" असं मैनाबाई, स्वयंपाकाच्या मुख्य, तोंडावर विचारत.

महाराष्ट्र झाल्यानंतरचा पहिला मेळावा आला आणि हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट उरली नाही. मेळाव्याचे चिटणीस वामनराव सोनोने अकोल्याहून आले. हे गृहस्थ उन्हाळ्यातसुद्धा कोटाची वरची गुंडी लावत. त्यांनी पाळकसाहेबांसमोरच माणिकबाईंना सांगितलं, "हे बघा बाई, मेळघाटासाठी बोलणारा माणूस पाहिजे. देवमनला आम्ही इथं आणायचं म्हणतो. पुस्तकांचं दुकान सांभाळील, चर्चच्या किल्ल्या सांभाळील. तुमचाही संसार एका जागी येईल."

"ते बोलतात."

"कुठं?"

"तिथं."

"मग इथं बोलू दे की," वामनराव म्हणाले. "शेवटल्या दिवशी दुपारी जेवणानंतरची वेळ त्याला देतो. बोलला तर मेळघाट त्याचा. नाही बोलला तर दुकान."

जेवणानंतरची वेळ म्हणजे मंडपातली झोपेची वेळ. तिथं नागपूरचे गाजलेले वक्तेसुद्धा हात टेकत. पण माणिकबाईंना खरी पंचाईत वेगळीच होती. लग्न झाल्यापासून त्या एका खोलीत एकट्या भाकर खात होत्या. देवमन दुकानात बसला तर रोज संध्याकाळी घरी येणार होता. खरं सांगायचं तर हेच त्यांना हवं होतं, आणि हे आपल्याला हवंय याचा त्यांना रागही येत होता.

शेवटल्या दिवशी सकाळी ऑलसेनसाहेबांचं भाषण झालं. साहेब ताडमाड, लालबुंद, स्वभावानं लोण्यासारखे. ते मराठी शिकले होते पुण्याच्या कुणा शास्त्रीबोवांकडून. "हे प्रियतम बंधुभगिनींनो, मानवाचे अंतःकरण हे सच्छिद्र पात्रासम होय," असं सुरू झाल्यावर धारणीकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. वेळ संपली. माणिकबाईंनी इशाऱ्याचा भाता भरला. साहेब गोड हसले आणि सच्छिद्र पात्राकडे वळले. दुसऱ्यांदा माणिकबाईंनी गीतच धरलं. साहेब खाली उतरून पेटीजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "भगिनी, आपले वाद्य अत्यंत न्यायी आहे."

"सगळ्यांले सारखं," माणिकबाई म्हणाल्या.

देवमन दुपारी आला. बस परतवाड्याला अडकली होती. नत्थुजी बरोबर येणार होता, पण एकटाच आला.

"नत्थुजी?" माणिकबाईंनी पहिला प्रश्न तोच केला.

"नाई आला. म्हैस—"

"व्यायला झाली असेल. बरं, जेवा लवकर. काय बोलणार?"

"मी म्हनून राहिलो होतो का—"

"उभं ताठ राहायचं. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे. माइकच्या फार जवळ जायचं नाही."

देवमननं मान हलवली आणि रोडगा मोडला.

जेवणं झाली. मंडपात माणसं सुस्तावली. वामनरावांनी नाव पुकारलं. देवमन मंचावर गेला, नवा सदरा, हातांचं काय करावं हे न कळलेला. माणिकबाई पेटीमागं बसल्या. पुसलेल्या पट्ट्या त्यांनी पदरानं पुन्हा पुसल्या. पाहुण्यांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं.

"एक होता गवळी," देवमन म्हणाला. आणि थांबला.

मंडप गप्प. उपदेश चालू असताना शिंकसुद्धा दाबून धरायची, अशी शिस्त लागलेली माणसं ती. जितका आदर जास्त तितका आवाज कमी. त्या दिवशी सगळ्यांनी देवमनला अगदी पोटभर आदर दाखवला.

"त्याच्या गोठ्यात मस्त म्हशी होत्या," देवमन म्हणाला. पुन्हा थांबला.

कुणी हूं की चूं नाही. मागे मैनाबाईंच्या पातेल्याचा आवाज तेवढा आला. देवमननं समोर बघितलं, पहिल्या रांगेत, जिथं नत्थुजी बसला असता तिथं. तिथं ऑलसेनसाहेब बसले होते, डोळे मिटून, आदरानं.

"त्यातली... एक म्हैस..." तो म्हणाला, आणि त्याचे शब्द संपले. कुणीतरी पुटपुटलं, "इसरला वाटते." वामनरावांनी हळूच खाकरून माणिकबाईंकडे पाहिलं आणि बोटानं पेटी दाखवली. दुष्टपणानं नव्हे. बिचाऱ्याची सुटका करा, असंच त्यांच्या तोंडावर होतं.

माणिकबाईंचा हात भात्यावर गेला. एक भाता भरला, गीत धरलं की मंडळी उभी राहणार, देवमन खाली उतरणार आणि उद्यापासून संध्याकाळी दारात त्याच्या चपला दिसणार. कुणी त्यांना नावं ठेवली नसती. चिटणीसांनीच खूण केली होती.

देवमन त्यांच्याकडे बघत होता. तो का थांबलाय हे त्या सबंध मंडपात एकट्या माणिकबाईंना कळलं होतं. आणि त्याचबरोबर आणखी एक गोष्ट कळली, ती मात्र लग्न होऊन इतक्या वर्षांनी. घरी हा माणूस गप्प का असतो ती.

त्यांनी भात्यावरचा हात काढला आणि शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हटलं,

"हाव!"

सगळा मंडप दचकून जागा झाला. ऑलसेनसाहेबांनी डोळे उघडले. पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला.

देवमनच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "एक म्हैस सांजच्याले गोठ्यात आलीच नाई."

"मंग?" माणिकबाई म्हणाल्या.

"मंग काय! तिचं नाव काजळी. साऱ्यांत द्वाड. दूध कमी अन् लाथा जास्त. लोक म्हने, नत्थुजी, जाऊ दे तिले, वाघानं खाल्ली असंल. खाल्ली असंल तं वाघच पस्तावला असंल!"

धारणीकडच्या बाया खुदकन हसल्या आणि एकदम म्हणाल्या, "हाव!" त्यांना रीत ठाऊकच होती, फक्त अमरावतीच्या मंडपात भीत होत्या. मग पोरं म्हणाली. मग मूर्तिजापूरचे म्हणाले. पुढल्या वाक्याला अर्धा मंडप म्हणाला.

"नत्थुजीनं गोठ्यात टांगलेली काजळीची जुनी घंटी घेतली अन् निंगाला. बायको म्हने, ती गेली, आता तुमी बी चालले, मंग मी भांडू कोनाशी?"

"हाव!" पुरुषांच्या बाजूनं जरा जास्तच मोठा आवाज आला.

देवमन नदीत उतरला, काट्यांतून गेला, अस्वलाला वाट दिली. घंटीचा आवाज तोंडानं काढला. नत्थुजी कशी हाक मारतो ती मारली, तेव्हा मंडपाबाहेर बांधलेला टांग्याचा घोडासुद्धा खिंकाळला. हसून हसून माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि म्हातारा गवळी रानात एकटा उभा राहून म्हणतो, "बाई, तू द्वाड असशील, पन माही हायेस," तेव्हा ते पाणी तसंच राहिलं, हसू मात्र थांबलं. अर्थ कुणी सांगितला नाही. सांगावा लागलाही नाही. पहिल्या रांगेतून ऑलसेनसाहेब दरवेळी एक क्षण उशिरा "हाऽव" म्हणत होते, आणि वामनरावांनी कोटाची वरची गुंडी सोडली होती.

वेळ संपली.

माणिकबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. वामनराव खूण करत होते, चालू द्या, चालू द्या. पण सकाळी ऑलसेनसाहेबांना थांबवलं होतं. सगळ्यांले सारखं म्हणजे सारखं. त्यांनी इशाऱ्याचा भाता भरून सोडला.

"अन् तेवढ्यात पल्याडच्या नाल्यातून—" देवमन म्हणत होता.

माणिकबाईंनी गीत धरलं.

"नाई! नाई!" मंडप ओरडला. ओरडतच उभा राहिला, कारण सूर निघाला होता. देवमननं हात जोडले आणि भोंग्यातून म्हणाला, "काय करता, बाप्पा! घरी बी असंच हाये."

गीत म्हणायला कुणाला श्वासच उरला नव्हता. माणिकबाईंनी पहिलं कडवं एकटीनंच म्हटलं, तेही हसू दाबत.

मग देवमनला मंडपातून बाहेर पडणं मुश्कील झालं. जो तो विचारतोय, म्हैस सापडली का? ऑलसेनसाहेब गर्दीतून वाट काढत आले. "बंधो, मला शांती नाही. ती महिषी अखेरीस प्राप्त झाली काय?"

"झाली म्हनजे!" देवमन म्हणाला. "काल सांजपासून तीच व्यायला झाली हाये. म्हनून तं नत्थुजी आला नाई."

मैनाबाईंनी पळीच खाली टाकली. "मायबाई! खरीच हाये म्हैस?"

वामनराव आले. गुंडी पुन्हा लावली होती. "देवमन, मेळघाट तुमचा," ते म्हणाले आणि मग माणिकबाईंकडे वळून जरा ओशाळले. "बाई, तुमच्या संसाराचं मात्र..."

"माझ्या संसाराचं मी बघते," माणिकबाई म्हणाल्या. "धारणीत शाळा आहे म्हणतात. गाणं नि गणित तिथल्या पोरींना वर्ज्य आहे का?"

धारणीच्या शाळेचं पुढं जूनमध्ये झालं. पण अमरावतीच्या शाळेची हिवाळ्याची सुट्टी संपायला अजून अवकाश होता, तेवढ्यात पारडू बघून येऊ म्हणून बाई दुसऱ्याच दिवशी नवऱ्याबरोबर निघाल्या. पेटी गोणपाटात बांधून बसच्या टपावर चढवली. कंडक्टरला नीट बांधायला तीनदा बजावलं, तो "बांधली ना, बाई!" म्हणून वैतागला.

परतवाडा मागं पडला, घाट लागला. देवमन खिडकीबाहेर बघत होता.

"काल मी सांगून राहिलो होतो ना," तो म्हणाला, "नत्थुजीची म्हैस..."

माणिकबाईंच्या जिभेवर पुढलं वाक्य तयार होतं. ओठ उघडलेही होते. त्यांनी ते मिटले, पुढल्या सीटची दांडी घट्ट धरली आणि वळण संपेपर्यंत थांबल्या.

"हाव," त्या म्हणाल्या. "मंग?"