केळीच्या पानातला प्रसाद

बाबांना जाऊन चार महिने झाले. त्यांच्या लाकडी पेटीत, देवळात जाताना नेसायच्या धोतराखाली, मला माझ्याच हातचा एक कागद मिळाला. नर्सिंगच्या शाळेसाठी केलेल्या अर्जाची ती कच्ची प्रत होती. खाली माझी सही, आणि तिच्याखाली, जिथे कोणी मागितली नव्हती तिथे, बाबांची. त्यांना सही तेवढी येत असे. एवढी वर्षं त्यांनी तो कागद का जपला, ते लिहून पाहावं असं वाटलं. मला भराभर लिहिता येत नाही, आणि सध्या घाई कसलीच नाही.

आमचं गाव मालवणपासून दोन कोसांवर. गावाचं गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराकडे होता. कुणाचं लग्न असो, कुणाची नवी होडी पाण्यात उतरायची असो, कुणी नोकरीसाठी मुंबईला निघालेला असो, बाबा देवासमोर उभे राहत आणि त्या माणसाच्या वतीनं बोलत. आधी त्याचं काय चुकलं ते सांगायचं, मग काय हवं ते मागायचं. प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. एरवी बाबा घरात दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसत. देवळात मात्र त्यांचा आवाज खालच्या व्हाळापर्यंत, पार ओढ्याच्या पाण्यापर्यंत ऐकू जाई. शेवटी ते प्रसाद देत. फूल, चार तांदूळ आणि चिमूटभर अंगारा, केळीच्या पानाच्या तुकड्यात ठेवून केळीच्याच सुक्या दोऱ्यानं बांधलेला.

एस.एस.सी. तेव्हा नवीनच होती, म्हातारी माणसं अजून मॅट्रिकच म्हणत. गावातून परीक्षेला बसणारी मी पहिली मुलगी. परीक्षा मालवणला, राहायला मावशीकडे. गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी बाबा चालत आले, प्रसादाची पुडी माझ्या हातात दिली आणि पाणीही न पिता परत गेले. बाकी सगळे विषय मला पाठ होते. बीजगणित मात्र डोक्यात राहत नसे. संध्याकाळी मी केळीचं पान सोडलं, वहीचा पातळ कागद फाडला, त्यावर बारीक अक्षरात सूत्रं लिहिली आणि त्यात फूल, तांदूळ, अंगारा नीट बांधला. देवाचा प्रसाद कोण उघडणार, असा माझा हिशेब. माझी लबाडी नेमकी एवढीच होती आणि ती पूर्ण विचारांती केलेली होती. हे मी इतकं स्पष्ट लिहिते, कारण पुढे वर्षभराहून अधिक काळ मी ते कुणाला सांगितलं नाही.

पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे होते. मी दुसऱ्यांदा पुडी उलगडताना त्यांनी पाहिलं.

“काय आहे ते?”

“देवाचा प्रसाद, गुरुजी.”

मग त्यांनी पायातल्या वहाणा काढून बाकाखाली सारल्या, पुडी हातात घेतली, फूल कपाळाला लावलं, तांदूळ माझ्या ओंजळीत दिले, आणि कागद तेवढा स्वतःकडे ठेवला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाबांना शाळेत बोलावलं. कचेरीत ते मालवणी बाजूला ठेवून पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करीत. हेडमास्तरांच्या टेबलासमोर हात जोडून म्हणाले, “कागद मीच बांधला, साहेब. हाताला लागला तो घेतला. मला वाचता कुठं येतं?” हेडमास्तरांनी जबाब लिहून घेतला, बाबांनी खाली सही केली. मी बाजूला उभी होते. बाबांचा तसाच समज झाला असेल, म्हातारपणी आठवत नसेल, असं मी मनाशी धरून बसले. म्हातारपण कसलं, पन्नाशीही उलटली नव्हती. बोर्डानं जबाब मानला नाही. मला एक वर्ष परीक्षेला बसता येणार नाही असं पत्र आलं.

त्या वर्षी बाबांनी गाऱ्हाणं घालणं सोडलं. “घसो बसलोहा,” असं सांगून त्यांनी माझ्या मधल्या चुलत्यांना पुढे केलं. देवळात ते मागच्या खांबाला टेकून उभे राहत. घसा वर्षभर बसत नाही, हे गावाला कळत होतं. पण कोणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी मी पास झाले, गणितातही. मुंबईच्या एका इस्पितळाच्या नर्सिंग शाळेचा अर्ज मागवला. त्यात एक ओळ होती: शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचं कारण. मुंबईला गिरणीत काम करणारे धाकटे काका तेव्हा गणपतीला घरी आले होते. बाबा अंगणात सुळ्यावर नारळ सोलत होते, मी ओटीवर दौत-टाक घेऊन.

“टायफॉइड लिव,” काका म्हणाले. “इस्पितळवाल्यांका आजारी माणसाची माया आसता.”

“आणि टायफॉइडमध्ये काय होतं ते विचारलं तर?” मी म्हटलं.

“वरीसभर बीजगणित चढला नाय म्हणान सांग.”

बाबा हसले नाहीत. नारळाचं सोडण निघाल्याचा आवाज तेवढा येत राहिला. माझा टाक त्या ओळीवर तसाच थांबला होता. इस्पितळात जायचं तर तिथल्या माणसांना पहिलीच गोष्ट खोटी सांगायची, हे मला जमेना. आणि खरं लिहायचं तर बाबांचा जबाब खोटा ठरत होता. शेवटी मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, “बाबा, तो कागद तुमचो नाय. मियां बदललेलो.”

“ठाऊक आसा.”

“कधीपासून?”

“मी कधी कागदात प्रसाद बांधलंय, गो?”

काकांनी विडी विझवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे फक्त बाबांनाच ठाऊक होतं असं नाही. त्यांच्या हातून प्रसाद घेतलेल्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या चुका देवासमोर मांडणारा माणूस देवाच्याच प्रसादावर खोटं बोलला, आणि त्यानंतर त्याला तिथे तोंड उघडवेना.

“मगे खरा लिवतंय,” मी म्हटलं.

“लिव. आणि माझापण लिव. बापाशीन खोटा सांगल्यान, असा.”

“दादा, ह्यो अर्ज की पंचनामो?” काका म्हणाले. “बापाचो गुन्हो कोणी इचारलोहा थंय?”

“तिचा एकटीचा लिवला तर अर्धा होतला.”

मी पाच ओळी लिहिल्या, बाबांना वाचून दाखवल्या. मी “वडिलांनी मायेपोटी” असं लिहिलं होतं. बाबांनी ‘मायेपोटी’ काढायला लावलं. मग टाक मागून घेतला आणि सही केली. कच्च्या प्रतीवर आणि पक्क्या अर्जावरही.

मुलाखतीचं बोलावणं येईल असं मला वाटलं नव्हतं. आलं. आम्ही बोटीनं निघालो. विजयदुर्गाला बोट थांबली तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले: “नाय म्हटल्यानी, तरी सरळ येवया परत. मान खाली घालूची नाय.”

मेट्रनबाई उंच, चष्मा लावणाऱ्या. अर्ज त्यांच्यासमोर उघडाच होता.

“हे लिहायला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही, बाई.”

“असं काही न लिहिता इथवर आलेल्या मुली बाहेर बसल्या आहेत. त्यांच्यात तुझ्यासारखी एखादी असेल, मला कळणारही नाही. तुझं मात्र मला कळलं. मग मी तुला का घेऊ?”

माझ्या उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न केला. “उद्या वॉर्डात तुझ्या हातून औषध चुकलं तर?”

“आधी सांगेन. मग उपाय विचारेन.”

“आणि तुझे वडील येऊन सांगतील, मीच दिलं म्हणून?”

“आता नाही सांगणार.”

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी बाबांना आत बोलावलं. मला वाटलं, बाबा पुन्हा कचेरीतलं मराठी शोधत अडखळतील. त्यांनी वहाणा दाराशी काढल्या, हात जोडले, आणि देवळातल्यासारखे ताठ उभे राहून म्हणाले, “बाई, हिणा चूक केल्यान. मी ती झाकलंय. दोघांचापण तुमच्या समोर ठेवलाहा. आता तुमी ठरवा.” घसा अजिबात बसलेला नव्हता.

मला घेतलं, पण अटीवर. पहिलं वर्षभर औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या हाती द्यायची नाही. बरोबरच्या मुली किल्ली कमरेला लावून फिरत, मी त्यांना विचारून बाटल्या घेई. कारण कोणी विचारलं तर सांगत असे. वर्ष संपल्यावर मेट्रनबाईंनी काही न बोलता किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. त्या शाळेत मला पुढे बक्षिसंही मिळाली. त्यांतलं एकही मला त्या किल्लीएवढं आठवत नाही.

पण गाऱ्हाण्यासाठी बाबांनी ते वर्ष संपायची वाट पाहिली नव्हती. मुंबईहून परतलो त्याच आठवड्यात मला रुजू होण्यापूर्वी देवळात नेलं. गाव जमला होता. चुलते पुढे होऊ लागले, तेव्हा बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या चेडवान तुझो प्रसाद खोट्या कागदात बांधल्यान.”

मागून ‘व्हय म्हाराजा’ आलं नाही. मी मान खाली घालणार होते, पण विजयदुर्गाला बाबा काय म्हणाले होते ते आठवलं.

“आणि तिच्या बापाशीन तुझ्या नावार खोटा सांगल्यान.”

मागच्या खांबापासून कुणीतरी एकट्यानं ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. मग सगळ्यांनी. मग बाबांनी माझ्यासाठी मागायला सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज खालच्या व्हाळापर्यंत गेला.