संयोगितानं निवडलेलं ॲप

कळंबा रिंगरोडच्या आतल्या एका कॉलनीत उदयसिंह चौगुल्यांचं घर आहे. उदयसिंह पतसंस्थेत शाखाधिकारी. बायको संयोगिता कागलची, बी.कॉम. झालेली. शेवटचा पेपर दिला त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, आणि पुढं ती पदवी लेकीच्या शाळेच्या फॉर्मवर 'आईचे शिक्षण' लिहिण्यापुरतीच कामाला आली. लेक स्नेहल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरातल्या चौथ्या म्हणजे सासूबाई, बाळाबाई. गुडघे गेलेले, कान मात्र तल्लख.

महिना संपत आला की उदयसिंह जेवताना विचारायचे, "पैसं गेलं कुठं?" आवाज चढवायचे नाहीत, तेच जास्त लागायचं. संयोगिता आठवून सांगायची: गॅस, दूध, आईंची औषधं. कुठंतरी चार-पाचशेचा मेळ बसायचा नाही. मग ते बाळाबाईंकडं बघून म्हणायचे, "बी.कॉम. म्हणं!"

गेल्या दिवाळीनंतर तिनं मनावर घेतलं. घरखर्चाची ॲपं बघायला लागली. एक सगळं इंग्रजीत होतं. दुसरं उघडलं की आधी 'कर्ज हवंय का' म्हणून विचारायचं. तिसरं मराठीत होतं. घरातल्या प्रत्येकानं आपापल्या मोबाईलवर घ्यायचं, मोबाईलवरनं पैसे दिले की खर्च आपोआप नोंदला जायचा. हे तिला पटलं. आता आठवत बसायला नको, आपल्या वतीनं ॲपच उत्तर देईल.

स्नेहलनं बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, ह्यात कुटुंबप्रमुख एकच असतोय. त्याला सगळ्यांचं दिसतंय. आपल्याला फक्त आपलं."

"दिसू दे की. मला तेच पाहिजे हाय."

वर्षाची वर्गणी तिनं भाऊबीजेच्या ओवाळणीतनं भरली आणि प्रमुख म्हणून स्वतःच्या हातानं नवऱ्याचं नाव घातलं.

पहिला महिना संपला तेव्हा ॲपनं एक गोल काढून दाखवला. उदयसिंहांची हिरवी फाक, स्नेहलची पिवळी चिंधी, आणि बाकी जवळजवळ सगळा गोल नारिंगी. नारिंगी म्हणजे संयोगिता. ज्याच्या मोबाईलवरनं पैसे गेले त्याचा खर्च, एवढंच त्या ॲपला कळत होतं. घराचा आणि गाडीचा हप्ता 'मालमत्ता' म्हणून वेगळा निघाला होता. मित्रांबरोबरच्या मटणाच्या पार्ट्या उदयसिंह रोखीनं भागवायचे, त्या कुठंच नव्हत्या.

त्याच आठवड्यात शिरोळला पुतण्याचा साखरपुडा होता. पंगत बसली. उदयसिंहांनी भावांपुढं मोबाईल धरला. "बघा, आमच्या घरात पैसा कोण खातंय!" सगळे हसले. संयोगिता त्याच पंगतीत मसालेभात वाढत होती. धाकट्या दिरांनी ताट पुढं केलं, "वाढा वहिनी, तुमी कमी पडू देऊ नका." ती वाढत पुढं गेली.

परतताना गाडीत ती म्हणाली, "अहो, त्यात तुमच्या आईची औषधं हायत. स्नेहलची फी हाय. तुमी जेवलेलं बी त्यातच हाय."

"ॲप तूच आणलंस न्हवं?"

आणलं तिनंच होतं.

मग उदयसिंहांना त्यातली 'मर्यादा' सापडली. बायकोला त्यांच्या खात्यातनं आठवड्याला अमुक इतकेच, त्यावर लागले तर विनंती पाठवायची, प्रमुखानं मंजूर करायची. एकदा औषधाच्या दुकानात बाळाबाईंच्या गोळ्या काउंटरवर काढून ठेवलेल्या, आणि मर्यादा संपलेली. तिनं विनंती पाठवली. उदयसिंह मीटिंगमध्ये होते. मागं गिऱ्हाईकं साचली. दुकानदार म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला थांबता का?" ती वजनाच्या काट्याशेजारी उभी राहिली. बऱ्याच वेळानं मेसेज आला, 'निम्म्याच घे.' घरी निम्म्या गोळ्या बघून बाळाबाई म्हणाल्या, "माझ्याच औषधात काटकसर सुचली व्हय गं तुला?" मुलानं सांगितलंय, हे सांगून पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

मार्चमध्ये संयोगितानं राजारामपुरीतल्या एका कर सल्लागाराकडं अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. बिलं संगणकावर चढवायची. इतक्या वर्षांनी बी.कॉम.ची आठवण झाली, हात हळूहळू बसला. पहिला पगार झाला तेव्हा तिनं घरी पेढे आणले. उदयसिंहांनी पेढा खाल्ला, पगार किती ते विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्यानं तिची मर्यादा कमी केली.

"घरात येतंय न्हवं आता? मग माझ्याकडनं कशाला पाहिजे?"

त्या दुपारी ऑफिसातच तिनं ॲप उघडलं. शेवटी एक बटण होतं, 'कुटुंबातून बाहेर पडा'. 'नक्की?' असं ॲपनं विचारलं. तिनं दाबलं.

चार दिवस उदयसिंहांनी स्वतः भाजी आणली. वांगी किडकी निघाली, दूध विसरलं. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "स्नेहल, तुझ्या नावावर घरखर्च टाकलाय. भाजी, दूध, आजीची औषधं, सगळं आता तू बघायचं."

"पप्पा, माझी परीक्षा हाय."

"तुझ्या आईला झेपंना. तू तर इंजिनेर होणार."

पोरगी लेक्चर संपवून मंडईत जायला लागली. एकदा पोळीचा घास हातात धरून बापाला कोथिंबिरीच्या भावाचं कारण देत होती. आवाज मऊ केलेला, मान खाली. संयोगितानं तो आवाज ओळखला. आपला इतका गरीब आवाज पोरीनं कधी उचलला, तिला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, "माझं नाव परत घाला. तिचं काढा." पगार सगळा ॲपमध्ये दाखवायचा, ही त्यांची अट. तिनं मान्य केली.

स्नेहल भडकली. "कशाला गेलीस परत? आता कुठं सुटलीवतीस! मी सांभाळलं असतं सगळं."

"सांभाळलं असतंस. तेच नको हुतं मला."

"म्हणजे मी कशालाच लायक न्हाय?"

संयोगिताला नीट सांगता आलं नाही. सांगितलं असतं तरी एकोणीस वर्षांच्या पोरीला ते उपकारासारखंच वाटलं असतं.

जूनमध्ये स्नेहलनं हॉस्टेलला अर्ज केला. कॉलेज घरापासून अर्ध्या तासावर होतं. "अभ्यास होत न्हाय घरात," एवढंच म्हणाली. रिक्षात बॅग ठेवताना संयोगितानं लाडवांचा डबा पुढं केला. "मेस हाय तिथं," म्हणत तिनं तो पायरीवरच ठेवला. "जातो मम्मी."

हॉस्टेलची फी संयोगिताच्या पगारातनं गेली होती. रिक्षा वळल्यावर उदयसिंहांनी मोबाईलवरनं मान वर न करता विचारलं, "ह्यो खर्च कुणाच्या नावावर घालायचा?"

"माझ्याच घाला," ती म्हणाली, आणि डबा उचलून आत घेऊन गेली.