तिसऱ्या पायरीवर थांबवलेले चाचा

माझ्यासारखा आरंभशूर अख्ख्या कोरेगाव तालुक्यात सापडायचा नाही. कौतुकानं नाही सांगत, लाज वाटते म्हणून सांगतोय. रहिमतपुरात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. पोरांना टायपिंग शिकवता शिकवता एक दिवस डोक्यात आलं, आपण स्वतःचा गेम करायचा. धडाधड गोळ्या घालायचा नव्हे. खेळणाऱ्यानं एका माणसाचं सोंग घ्यायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, त्यांची कामं करायची आणि हळूहळू तरबेज होत जायचं. माझा नायक होता संस्थानी काळातला जासूद. रहिमतपुरातून निरोप घेऊन निघायचं, औंधला पोचवायचा आणि वाटेत नाना भानगडी निस्तरायच्या.

दुसऱ्याच दिवशी क्लासच्या भिंतीवर मोठा कागद लावून मी सात पायऱ्या लिहिल्या. गोष्ट, नकाशा, माणसं, संवाद, लढाया, मग हे सगळं कॉम्प्युटरवर चालतं करायचं आणि शेवटी चार मित्रांना खेळायला द्यायचं. शहाण्या माणसानं आधी एक साधी आकृती स्क्रीनवर चालवून बघितली असती. मी ते काम सहाव्या पायरीवर ढकललं, कारण ते मला येत नव्हतं. जे येत नाही ते यादीत खाली सरकवायचं, ही माझी जुनी खोड.

मागच्या गल्लीत एक पेंटर राहतात. गाव त्यांना चाचा म्हणतं, मीही म्हणतो. साठीला टेकलेले. एके काळी पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आलं आणि पाट्या गेल्या. दुपारी ते माझ्या क्लासच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. मी त्यांना आत बोलावलं, कागद दाखवला आणि म्हणालो, "चाचा, तिसरी पायरी तुमची. माणसं तुम्ही काढायची."

"म्या? आवं सर, आता कोण काढून घेतंय माझ्याकडनं?" असं म्हणाले खरे, पण तिथल्या तिथं खिशातली पेन्सिल बाहेर आली.

पंधरा दिवसांनी चाचा आले ते डोक्यावर पत्रा घेऊन. चांगला माणसाएवढा. त्यावर ऑइल पेंटमध्ये जासूद उभा! मुंडासं, झुपकेदार मिशा, धोतराची निरीन् निरी मोजून घ्यावी. आयुष्यभर बोर्ड रंगवलेला माणूस तो. रस्त्याच्या पल्याडून दिसलं पाहिजे, एवढा एकच नियम त्यांना ठाऊक. आणि गेममध्ये जासूद लागणार होता अंगठ्याच्या नखाएवढा. शिवाय तोच माणूस समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, पाय उचललेला, पाय टेकलेला, असा कितीतरी वेळा काढावा लागतो. छाती काढून समोर बघणारा हा गडी चालणार कसा? पत्रा भिंतीला टेकवेपर्यंत हे माझ्या ध्यानात आलं होतं. मी म्हणालो, "वा चाचा! एक नंबर!"

खरं सांगायला काय धाड भरली होती मला? पण सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग कसं पायजे ते दाखवा. मला दाखवता येत नव्हतं. सरांना येत नाही, हे कबूल करायचं माझ्या जिवावर आलं.

मग लोहार आला. वैदीण आली. जतकडचा मेंढपाळ आला, खांद्यावर घोंगडं घेऊन. मागची भिंत पत्र्यांनी भरली. पोरांना सोडायला आलेले पालक दारातून डोकवायचे, "सर, काय चाललंय हे?" आणि मी सात पायऱ्यांवर व्याख्यान द्यायचो. चाचा बाजूला उभे राहून ऐकायचे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वाढपी मी.

अशात एक दिवस चाचा जरा घाईनं आले. सांगलीत त्यांच्या मेहुण्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. तो बोलावत होता.

"अक्षराची जाण असलेला माणूस पायजे म्हणतोय. कॉम्प्युटर शिकवतो म्हणतोय. कायमचं काम हाय, सर. जाऊ का? का थांबू? तुमी म्हणशिला तसं."

या वयात असं काम दुसऱ्यांदा चालून येत नाही, हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. तरी मी म्हणालो, "थांबा चाचा. तुमच्याशिवाय गेम व्हायचा नाही." धडधडीत खोटं. चाचा पत्रे आणत होते तोवर माझा गेम चालू होता, बाकी काहीच चालू नव्हतं. ते गेले असते तर माझं बिंग फुटलं असतं.

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "न्हाई रं, सरांचं लय मोठं काम घेतलंय. मदीच सोडता येत न्हाई." केवढा ताठ आवाज होता! मेहुण्यानं आठवड्यात दुसरा माणूस ठेवला.

अकरावा पत्रा, वैदिणीच्या सुनेचा, आणला तेव्हा चाची सोबत होत्या. चाचा म्हणाले, "सर, आता एकदा चालताना दाखवा की. हिला बी बघायचंय." चाचींनी चपला दाराबाहेर काढल्या, पदर सारखा केला आणि खुर्चीच्या कडेला बसल्या. मी कॉम्प्युटर चालू केला. हिरवं मैदान आणि त्यात एक पांढरा चौकोन. बटण दाबलं की तो डावीकडे जायचा, उजवीकडे जायचा.

"ह्यो कोण?" चाचांनी विचारलं.

"जासूद."

"मग माझा कुठाय?"

मी सांगितलं. पत्र्यावरची चित्रं यात बसत नाहीत, लहान लागतात, प्रत्येक पाऊल वेगळं काढावं लागतं. बोलताना माझी मान वर होत नव्हती.

"हे तुमाला कवा कळलं?"

"पहिल्या पत्र्यालाच."

"मग थांबा का म्हणलासा?"

मी कॉम्प्युटर बंद केला. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ते चाचींना "चल" म्हणाले आणि दोघं निघून गेले.

त्यानंतर ते कट्ट्यावर आले नाहीत. महिन्याभरानं मी स्टँडवर चहा पीत होतो. चहावाला म्हणाला, "सर, पेंटरचा हात कापतोय म्हणं आता. सोता सांगत व्हता, हात चालंना म्हणून सरांचं काम म्याच सोडलं. यात्रेच्या आधी देवळाच्या कमानीची अक्षरं तोच काढतो दरसाल, पण कमिटीनं यंदा दुसऱ्याला दिली."

मी ग्लास खाली ठेवला. अकराव्या पत्र्यावर वैदिणीच्या सुनेच्या नाकातल्या नथीचे मोती त्यांनी एकेक करून काढले होते. हात कापणाऱ्याचं काम ते नव्हे. लोक गेमचं विचारत असणार, आणि सरांनी फसवलं म्हणायला त्या माणसाची जीभ रेटली नसणार. माझी अब्रू झाकायला त्यांनी आपल्याच हाताला नावं ठेवली होती. आता तरी बोल, मी स्वतःला म्हणालो, एक वाक्य तर बोलायचंय.

"खरं हाय का वो, सर?" चहावाल्यानं विचारलं.

"होय," मी म्हणालो, "वय झालं आता त्यांचं."